दुसऱ्याची आजी

५ जुलै १९७५, शनिवार

झालं वाटोळं! महिनाभर लालसिंग गुरुजीच्या मागे लागले होते — शनिवारी सकाळची शाळा सुटली की गावातल्या म्हाताऱ्यांना अन् पोरांना एकत्र बसवा. आम्ही गोष्टी सांगू, पोरं पेपर वाचून दाखवतील. याच जऊळक्याच्या शाळेत जन्म गेला माझा मास्तरकीत, माझा शब्द तो कसा मोडणार? कबूल झाला. आणि आज सगळ्यांसमोर नियम काय काढला, तर "आपल्या घरचा आजा नाही, आजी नाही. प्रत्येकानं दुसऱ्याची घ्यायची!" टाळ्या पडल्या. मूर्ख!

मग मी हा उपद्व्याप केला कशासाठी? देवमनसाठी. एकुलता एक नातू, चौथीत आहे, आणि भिंतीपलीकडे राहतो. दोन वर्षांपूर्वी माणिकनं, पोटच्या पोरानं, बायकोचं ऐकून चूल वेगळी केली, अंगणात भिंत घातली. सून तर सून — बेबीनं पोराला दमच भरला, आजीच्या दारी दिसला तर तंगडं मोडीन म्हणून. शाळेत तर ती येत नाही ना! तिथं माझं लेकरू माझ्याजवळ बसलं असतं.

माझ्या वाट्याला आली कोण? बांगड्या विकणाऱ्या जमशेद मण्याराची बिस्मिल्ला. मला घाबरून एकही पोर पुढं येईना, तर हिनं स्वतःहून हात वर केला. "मी दुर्गाबाईपाशी बसतो." डोकं फिरलेलं दिसतं पोरीचं.

१२ जुलै

"बाई, गोष्ट सांगा." नाही सांगितली. सुईत दोरा ओवून घेतला, पाय दाबून घेतले. सतराचा पाढा चुकली तेव्हा कान असा पिळला की लाल झाला. रडली नाही. कोडगी!

देवमन समोरच होता, रामधनपाशी. रामधन म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता. देवमन सारखा माझ्याकडं बघत होता. जीव तुटतो हो!

१९ जुलै

वाटलं होतं पोरगी येणार नाही. आली.

"बाई, माणिककाका लहानपणी कसे होते?"

"तुले काहून पाहिजे?"

"असंच."

मेलीच्या चौकशा! पण दुसरं करायचं काय, सांगितलं. सात वर्षांचा होईस्तोवर अंथरूण ओलं करायचा. एकदा बकरीच्या पाठीवर बसून जत्रेला निघाला होता. खुदखुदली. दर वेळी पुढं काय, पुढं काय करते. माझंही तोंड सुटलं. घरात भिंतीशी किती बोलणार माणूस?

२६ जुलै

सात म्हातारे होते, आज तीन. गुरुजी तोंड पाडून म्हणतो, "बंद करू का, बाई?" बंद? मग देवमन दुरूनसुद्धा दिसायचा नाही. छत्री घेतली आणि घरोघर फिरले. गोमतीबाईला म्हटलं, "सुनेच्या शिव्या खात घरी बसण्यापेक्षा शाळेत ये!" सून शेजारीच उभी होती. रामधनला म्हटलं, "मरायचंच आहे ना, मग पोरांत बसून मर." सगळे यायला कबूल झाले. कार्यक्रम असा चालतो. टाळ्यांनी नाही चालत!

९ ऑगस्ट

बिस्मिल्लानं घरून गरम भाकर आणली माझ्यासाठी. जैतुनबीनं, तिच्या आजीनं, पाठवली म्हणे. मी कुत्र्याला टाकली. तिच्यासमोर. तरी बसली, आणि विचारते काय, "बाई, देवमन झाला तवा तुमी काय केलं?"

काय केलं! गावभर साखर वाटली. तो रडायचा थांबेना तर तीन रात्री मांडीवर घेऊन बसले. सांगताना डोळ्याला पदर लावला. मण्याराच्या पोरीसमोर! राग आला स्वतःचा. तिला हाकलून दिलं.

२३ ऑगस्ट

आज पोटभर बोलले.

पोरीनं विचारलं, "देवमनची आई कशी आहे?" कशी असणार? सगळं ओकले. दोन लुगड्यांवर आली माझ्या घरात. माझ्या आजारपणात मला पाणी दिलं नाही. माणिकला मुठीत ठेवलं. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती, म्हणून आणखी बोलले. चिमीचं काढलं. चिमी म्हणजे देवमनची धाकटी बहीण, दोन वर्षांची होऊन गेली.

"गेली नाही, आईनंच मारली," म्हटलं. "अंगात ताप असताना भावाच्या लग्नात नाचवत नेली. हौसेपायी पोर मारली बयेनं."

चिमी गोवरानं गेली. त्या साली गावातली चार पोरं गेली. बेबी लग्नाला गेलीच नव्हती. पण सांगताना जिभेला अशी गोडी आली! हसूसुद्धा आलं. आणि या पोरीला कळणार काय, सांगणार कोणाला? गावात कोण विचारतं तिला!

३० ऑगस्ट

तान्हा पोळा पुढच्या शनिवारीच येतो. पोरं लाकडाचे छोटे बैल सजवून दारोदार फिरतील, मोठ्यांनी हातावर खाऊ-पैसे ठेवायचे, तो बोजारा. गुरुजीचं ठरलं होतं की प्रत्येक पोरानं पहिला बैल आपल्या शनिवारच्या म्हाताऱ्याच्या दारी न्यायचा.

गेले त्याच्या खोलीवर. "सणाला तरी पोरं आपल्या घरच्यांकडं पाठव."

"बाई, नियम..."

"वाशीमच्या साहेबाले सांगू का, गुरुजी सोमवारी किती वाजता उगवते ते?"

चेहरा उतरला बिचाऱ्याचा. नियम बदलला. देवमन माझ्या दारी येणार! सगळ्या गावासमक्ष! गुरुजीचा हुकूम आहे म्हटल्यावर बेबी कशी अडवते, बघतेच.

५ सप्टेंबर, पोळा

करंज्या केल्या. खोबरं, खसखस, मनुका — हात आखडला नाही.

संध्याकाळी बिस्मिल्ला आली. मातीचा बैल घेऊन, लाकडाचा कुठला असणार तिच्याकडं! शिंगांना बांगड्यांचा चुरा चिकटवला होता. "उद्या आणू का, बाई?"

"उद्या माह्या दारी पाय ठेवू नको. माहा नातू येऊन राह्यला."

"देवमन?" हसली! खुशीत हसली. मग गेली. काहून हसली, कळलं नाही.

६ सप्टेंबर

आला. नवा सदरा, कपाळाला गंध, लाकडी बैल ओढत. उंबऱ्याबाहेरच थांबला. मी करंज्यांचं ताट पुढं केलं. घेईना.

"आजी, चिमीले आईनं मारलं, खरं आहे?"

ताट खाली ठेवलं. "कोण म्हणलं?"

"बिस्मिल्ला. तिले मीच तुह्यापाशी बसवलं होतं. मले बसू देत नव्हते ना, म्हणून. दर शनिवारी तू जे सांगे ते ती मले वाटेत सांगे. बकरीचं सांगितलं. साखरेचं सांगितलं. अन् मंग चिमीचं."

नऊ वर्षांचं पोर! माझी एकेक गोष्ट त्यानंच मागून घेतली होती. मला हंबरडा फोडावासा वाटला.

"सांग ना आजी. खरं का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या. बेबी कान लावून उभी होती. दोन वर्षं मला पोरावाचून ठेवलं तिनं.

"खरं आहे," म्हटलं मी.

बैल उचलून गेला. करंजी घेतली नाही.

७ सप्टेंबर

देवमन आईच्या हातचं जेवत नाही. कालपासून. सगळं ऐकू येतं. बेबी ताट घेऊन विनवते, रडते, माणिक ओरडतो. मी लवकर निजले. छान झोप लागली.

८ सप्टेंबर

ताट वाढलं, दारात उभी राहिले, मोठ्यानं हाक मारली — ये बाबू, आजीपाशी जेव. आला. ताटाकडं पाहिलं. "आईच्या हातचं नाही खात," म्हणाला, "अन् तुह्याही नाही. सांगताना तू हासत होती म्हणे."

जमशेदच्या ओट्यावर बिस्मिल्लाच्या ताटात जेवायला बसला आहे. इथून दिसतं.