चालत वाजवायची गिटार

जुन्या गिटारवर तुमचा भाऊ झिबुसे बसला, तिचा चुरा केला, आणि वर तुम्ही त्याला चहा पाजलात! मी घरी असते तर उंबऱ्यावरूनच हाकलला असता.

असो. थोकोझिलेच्या बाबांना नमस्कार. डर्बनला लेकीकडे मी मजेत आहे. डोळ्याची पट्टी निघाली. आता हिच्या घरातली सगळी धूळ दिसते.

तुमच्यासाठी नवी गिटार घेतली. दुकानदार खुर्चीत बसून वाजवायला लागला. म्हटलं, "उठ बाबा, आमच्याकडे गडी चालता चालता वाजवतात."

"आजी, इथे सगळे बसूनच बघतात."

"त्यांना कुठे डोंगर ओलांडून पोरगी पटवायची असते?"

मग तो वाजवत रस्त्यावर चालला. पहिली गिटार चकचकीत होती, पण पावलागणिक मांडीवर आपटत होती. दुसरी हलकी. तो कोपऱ्यापर्यंत गेला तरी मला दारात ऐकू येत होती. तीच घेतली.

थोकोझिले म्हणाली, "आई, पाय मोडल्यापासून बाबा चटईवरून उठत नाहीत. बसून वाजवायची घे ना." मी ऐकलं नाही.

पाय चोळून घेता ना? सून लिहिते, सगळं ठीक आहे. शेळी मेली तेव्हाही तिने हेच लिहिलं होतं.

गिटार शनिवारी गावाकडे येणाऱ्या टॅक्सीने पाठवते. उत्तर सुनेने लिहायचं नाही. गिटार गळ्यात अडकवा, वाजवत दुकानापर्यंत चालत जा, पाकीट आणा आणि स्वतःच्या हाताने लिहा.

तिथे नसले तरी लक्ष ठेवून असलेली,
माझोंडी