सटवाईसाठी कोरा कागद

ब्रह्मा घाट, वाराणसी
९ जून १९९६

चि. सुश्रुत यास,
अ. उ. आ. तेही आई म्हणाली म्हणून.

तू गप्प बस, आधी माझं ऐक. बाळंतपण तोंडावर आलेल्या बहिणीला असलं पत्र कोण लिहितं रे? नॉर्वेच्याही वर त्या बर्फाच्या बेटावर कुरव पक्ष्यांची चरबी तपासतोस, तपास. पण शेतावरची पावडर, कारखान्यांची तेलं वाऱ्यातून, माशांतून तिथवर पोचतात, चरबीत साठतात आणि आईच्या अंगातून अंड्यात उतरतात, हे मला कशाला?

मुलगा झाला, दोन तारखेला. तुझं पत्र नेमकं पाचवीला आलं. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून आईने पाटावर कागद-पेन मांडलं. तिचा चष्मा तुटलेला. तुझ्या पत्राची कोरी बाजू वर आहे समजून तिने तेच ठेवलं. सकाळी बघते तर तुझा मजकूर वर, त्यावर हळदीचे डाग. म्हणजे सटवाईला लिहायला काही उरलंच नव्हतं. आई हसते, म्हणे तुझं गिचमिड अक्षर देवीला कुठलं वाचता येतंय. मला हसू येत नाही.

लहानपणी घरात डीडीटी मारायला फवारणीवाले यायचे, आठवतं? भिंतीला टेकलं की माझ्या फ्रॉकवर पांढरं उमटायचं. ते आता माझ्यात कुठे असेल? म्हणून दिवसा त्याला बोंडल्याने गाईचं दूध घालते. सोसत नाही त्याला, शी हिरवी होते. झोपेत मात्र तो छातीशी येतो आणि मी डोळे मिटून पाजते. तेव्हा दिसतं, ऐन जूनमध्ये घाटाच्या पायऱ्यांवर बर्फ पडलाय आणि बाळाला पिसं फुटलीत. माझं दूध कमी होतंय. पाजू की नको, एवढंच सांग.

राग उतरला की लोभ कळवीन.
बकुळताई


उत्तर नॉर्वे
२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालची तार मिळाली असेल. बेटावरून गावात आलो तर तुझं पत्र वाट बघत होतं. तसाच दवाखान्यात धावलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताबडतोब तार कर, पाज म्हणावं.

खोटं सांगत नाही. थोडं तुझ्यात असेल, माझ्यात आहे, त्या बाईंच्यातही. पण हे पक्षी मासे खातात, दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातात, सगळ्यांचं साठलेलं त्यांच्या वाट्याला येतं. तू वरणभात खातेस. आणि गाईच्या गोठ्याला भिंती नव्हत्या का?

बेटावर सध्या रात्र होत नाही. एक मादी मी रोज बघायचो. पाठीवर बर्फ साचला तरी अंड्यांवरून उठली नाही. तिच्या रक्तात किती विष आहे ते मला ठाऊक, तिला नाही. ठाऊक असतं तर उठली असती का, ते माझ्या यंत्राला कळत नाही. एक अंडं थंडच राहिलं. दुसऱ्यातून पिल्लू निघालं.

सोबत एक कोरा कागद पाठवतोय. सटवाईला माझ्यातर्फे सॉरी सांग. आईला चष्मा करून दे.

वाटेल तेवढं भांड, पण पत्र बंद करू नकोस.
सुश्रुत


ब्रह्मा घाट
११ जुलै

चि. सुश्रुत यास,
अ. उ. आ. ह्या खेपेला माझेच.

तुझी एका शब्दाची तार घेऊन आलेला इथला माणूस तोंड पाडून विचारत होता, हे पाज नावाचे कोण वारले म्हणून. आईने त्याला पेढा दिला तर आणखीच घाबरला.

त्या दिवसापासून पाजतेय. दूध आधी रुसलं होतं. आईने अळिवाची खीर चारून चारून परेशान केलं. हा चिडून ओढायचा, मी दात आवळायची. मग एका दुपारी उतरलं. पोलकं भिजलं आणि मी रडले. आता त्याचं पोट ठीक आहे.

भीती गेली नाही. पाजताना शेजारी येऊन बसते, बसू दे. गंगा चढतेय, बालाजी घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या. तुझी पक्षीण माझ्या स्वप्नात आपल्या सज्जात बसलेली असते, पाठीवर बर्फ घेऊन. थंडीत गंगेवर येणाऱ्या कुरवांना नावेतून घालायचो तशी मी तिला शेव घालते. आपल्याकडे येतात ते पक्षी वेगळे, माहीत आहे. तिला सांगू नकोस.

आईने तुझा कागद पाटावर मांडायला घेतला होता. मी ओढून घेतला. सटवाई एकदा येऊन गेली, पुन्हा कशाला बोलवायची? हे त्याच कागदावर लिहितेय. खालचा अर्धा फाडून ठेवलाय, तो ह्याचा, मोठा झाला की बघेल. नाव ठरत नाही. आईला ढुंढिराज हवंय. तू सुचव. नाही, तू काहीच लिहू नकोस.

उठला बघ. आई सवयीने बोंडलं घेऊन आली. तिला म्हटलं, घासून माळ्यावर टाक.

चालले मी.