केळीचा चीक आणि माझी सावध नजर

३ नोव्हेंबर, सोमवार. दवाखान्यातून आल्यावर.
आज संध्याकाळी भाजीबाजारात चोराने कोकिळेच्या गळ्यातली पोत ओढली. बायको म्हणून सांगत नाही, पण तिने त्याची कॉलर धरली आणि दुधीची पिशवी दोनदा त्याच्या टाळक्यात घातली. त्याने कोपर मारून तिचा ओठ फोडला, अर्धी पोत घेऊन पळाला. तीन टाके पडले. मी हातभर अंतरावर होतो, पण ऑफिसचा अर्जंट मेसेज वाचत होतो. त्यामुळे काही दिसलं नाही. नाइलाज होता.
दवाखान्यातून मेव्हण्याला, हितेंद्रला, कळवायचं तर कंपाउंडरचा फोन मागावा लागला. माझी बॅटरी दुपारीच मेली होती. हल्लीचे फोन भिकार.
तेवीस तारखेला धुळ्याला माझ्या भाचीचं लग्न. कोकिळा फुटक्या ओठांनी म्हणाली, "मी हितेंद्रसंगं जाईन." माझ्या भाचीच्या लग्नाला! त्याआधी तिने आपणहून म्हटलं पाहिजे, की तुमीच चला. संकल्प: उद्यापासून चोवीस तास सतर्क.

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
सेफ्टीचे अकरा व्हिडिओ पाहिले. सार असं: फोन खिशात, पाठ भिंतीला, नजर समोरच्याच्या हातांवर, किल्ल्या बोटांच्या फटीत धरून मूठ.
६.२५. गच्चीवर गव्हाच्या पोत्याला मूठ मारली. किल्ली उलटी फिरून माझ्याच तळहातात घुसली. पोतंही फाटलं, म्हणजे पंच जोरदार होता. कोकिळेने हळद दाबली. मग पोतं शिवायला बसली. प्रभाव पडत असावा.

९ नोव्हेंबर, रविवार
हॉटेलात पाठ भिंतीला लावून बसलो. ती भिंत म्हणजे भटारखान्याचं दार निघालं. आतून कोणीतरी लाथेने उघडलं. माझं तोंड टेबलावर, ग्लासची काच भुवईत. दोन टाके. नियमात दुरुस्ती: भिंत आधी ठोकून पाहणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
गल्लीत मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. व्हिडिओ क्रमांक सात: मागे न बघता कोपर. दिलं ठेवून. शेजारचे निंबाआबा निघाले, वय चौऱ्याहत्तर. कवळी गटारीत. आबा ओरडले, "येडा व्हयना का रे तू?" आणि काठीने सुरू झाले. पाठ, नडगी, पुन्हा पाठ. आबांना टेक्निक अजिबात नाही. तरी लंगडतो आहे.
पण आबा चोर असते तर? आज आडवे झाले असते. हे कोणी लक्षात घेत नाही. कोकिळा गटारीतून कवळी काढून, उकळून देऊन आली.

१६ नोव्हेंबर, रविवार. रावेरहून आल्यावर.
मुद्दाम सासुरवाडीला गेलो, हितेंद्रला माझी तयारी दाखवायला. तो केळीच्या गाड्या भरतो. बसमधून उतरलो तर ट्रॅक्टरजवळ एक माणूस उभा. शर्टभर काळे-तपकिरी डाग, गोणपाटातून विळ्याचं टोक बाहेर. वाळलेलं रक्त! झडप घातली, मानगूट धरून त्याला मातीत लोळवला.
तो केळी कापणारा. डाग चिकाचे. त्याचे सहा जोडीदार ट्रॉलीमागे जेवत होते. समोरचा एकटा नसतो, हे एकाही व्हिडिओत नव्हतं. एकाने केळीच्या घडाच्या दांड्याने हाणलं. ओला दांडा फार लागतो. बाकीच्यांनी लाथांवर भागवलं. हितेंद्र धावत आला म्हणून वाचलो. "दाजी, सुकदेव हाये तो! आपल्याच गाडीवर कामाले हाये!"
एक दात हलतो आहे. पण फायदा मोठा. डाग आणि विळा दिसला की केळीवाला, हे पक्कं झालं. आता चीक ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
हितेंद्रला लग्नाच्या वेळेसच गाडी भरायची आहे, तो येत नाही. कोकिळा म्हणाली, "मंग तुमीच चला." आपणहून म्हणाली! तयारीला फळ आलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. धुळ्यात, दवाखान्यात.
उजवा हात बांधलेला. डाव्याने लिहितो आहे.
एरंडोलला एक माणूस बसमध्ये चढला. शर्टावर डाग, पिशवीतून विळ्याची मूठ दिसत होती. पुढच्या सीटवरचे आजोबा आक्रसून बसले. मला हसू आलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, घाबरू नका, केळीवाला आहे, चीक आहे तो. त्याला शेजारी जागा दिली. त्याची पिशवीसुद्धा माझ्या मांडीवर घेतली.
कोकिळा कानाशी म्हणाली, "अहो, चीक ओला असला तं पान्यासारखा दिसतो. वाळल्यावर काळा पडतो. हे ओलं हाये अन् लाल हाये." मी म्हटलं, हे ज्ञान मी सहा जणांचा मार खाऊन मिळवलंय. ती उठून कंडक्टरकडे गेली.
पारोळ्याला गाडी पोलीस चौकीसमोर थांबली. माणूस आपली पिशवी मागू लागला, "मनी पिशवी द्या." ज्याची त्याला द्यायलाच हवी. दिली.
त्याने विळा काढला. मी मूठ वळली, पण किल्ल्या कोकिळेच्या पर्समध्ये. पहिला वार मनगटावर. माझं रक्त खिडकीच्या काचेवर उडालं. दुसरा गळ्यावर येत होता, तेवढ्यात कोकिळेने आहेराची पितळी कळशी त्याच्या डोक्यात घातली. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा तो कोसळला. मग लोक तुटून पडले. त्याच्यावर आधी. नंतर कोणीतरी ओरडलं, "पिशवी यानाच मांडीवर व्हती! धरा याले!" मग माझ्यावर. हलणारा दात गेला.
त्याने सकाळी शेताच्या बांधाच्या वादातून सख्ख्या भावावर वार केले होते. भाऊ वाचला, असं पोलीस म्हणाले. जबाबात मी सांगितलं, निळा शर्ट. कोकिळा म्हणाली, पांढरा, वरचं बटण तुटलेलं, माणूस डावरा, पायात दोन वेगळ्या चपला. शर्ट पांढराच होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार. घरी.
लग्न लागलं. फोटोंत मी पट्ट्यांसकट आहे. कळशीला पोचा पडला, म्हणून ती आहेरात दिली नाही.
परतीच्या बसमध्ये कोकिळेने मला खिडकीशी बसवलं, स्वतः कडेला बसली, कळशी मांडीवर. मी म्हटलं, त्या दिवशी बाजारात तो मेसेज आला नसता ना, तर चोराला मी सोडला नसता.
ती समोर बघत म्हणाली, "फोन बंद व्हता तुमचा. तुमी पाह्यत व्हते. मी पह्यले तुमच्याकडंच पाह्यलं."
खरं आहे. चोराचा हात पोतीकडे गेला तेव्हापासून मला दिसत होता. तिचा माझ्याकडे वळलेला चेहराही दिसला. पाय हलले नाहीत. मला लाज वाटते. आधी कुठेच लिहिलं नव्हतं.
मग ती म्हणाली, "झोपा आता. मी हाये जागी."
डोळे मिटून सतर्क राहायचं ठरवलं. पारोळा यायच्या आतच झोप लागली. जळगावला जाग आली तेव्हा तिने माझी कॉलर मुठीत घट्ट धरलेली होती.