मंत्री, प्राध्यापक आणि तुला आलेला नकार

वसई,
८ नोव्हेंबर

प्रिय मटिल्डा,

पोस्टाने पत्र आलेलं बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, माझी तब्येत बरी आहे. गोळ्या वेळेवर घेतो. फोनवर हे सगळं विचारता आलं असतं, पण फोनवर तू माझा आवाज ऐकून उत्तर देतेस. आवाज जड वाटला की लगेच "पप्पा, जेवलात का?" हे मी केव्हाच ओळखलं आहे. म्हणून लिहितो. मला लिहायची सवय नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, तिथे लिहिलं ते 'लाइन चालू केली' एवढंच. तेव्हा सरळच लिहितो. एप्रिलमध्ये मम्मी गेली त्या दिवशी तू म्हणालीस, "पप्पा, मी अर्ज केला होता, नकार आला. माझी वाट बघू नका, मम्मीला पुरा." तुझं ते बोलणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि अजून पटलेलं नाही.

आपल्या गावची रीत तुला ठाऊक आहे. मयताची घंटा झाली की लोक अंगणात येतात, हात जोडतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "कुणाची वाट बघायची आहे?" कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाची मुलगी टोरंटोला. माणूस शवागारात थांबतं, गाव थांबतं, फादरही मिस्सेची वेळ मोकळी ठेवतात. तुझ्या मम्मीच्या वेळी तर कुणी विचारलंच नाही, तुझी वाट बघायची हे सगळे धरूनच चालले होते. मी म्हणालो, वाट बघायची नाही, उद्याच पुरायचं. मग युजीन पुढे आला. म्हणाला, "अरे आग्नेल, मला सांगायचं ना! वकिलातीत माझा माणूस आहे, एक फोन लावला असता." माझा चुलतभाऊ असला तरी मी बोलतो, ज्याला स्वतःच्या फाटकासमोरचा खड्डा बुजवून घेता आला नाही त्याचा वकिलातीत माणूस. पण महापालिकेचं तिकीट हवं आहे ना. शोकसभेत माइक हातात घेऊन तो म्हणाला, "आमच्या मटिल्डाने आईसाठी सातासमुद्रापार सरकारदरबारी खेटे घातले!" आणि तोच खाली उतरून चर्चच्या पायऱ्यांवर शेजारच्या स्टीवनला सांगत होता, "येते कशाला? तिकडे गोऱ्याशी लग्न लावून बसली असेल." मी मागेच उभा होतो.

तुझं संशोधन आठवलं मला तेव्हा. दर रविवारी तू मम्मीला समजावून सांगायचीस आणि मी पेपर वाचतोय असं दाखवून ऐकायचो. ऑस्ट्रेलियाचे पुढारी जाहीरपणे काय बोलतात ते एका बाजूला मांडायचं, त्याच विषयाचा अभ्यास केलेली विद्यापीठातली माणसं काय म्हणतात ते दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींत अंतर किती ते बघायचं. घरभाडी, परदेशी विद्यार्थी, कोळसा, तिथल्या मूळ रहिवाशांचं सार्वमत. मम्मीला फार मजा यायची. फोन लागला की विचारायची, "काय गं, या आठवड्यात कोण खोटं बोललं?" आणि तू चिडायचीस, "मम्मी, खोटं नाही म्हणायचं, अंतर म्हणायचं!" ती म्हणायची, "बरं बाई, अंतर. मग आमचा युजीन किती अंतरावर आहे ते पण मोज." केमो चालू असतानासुद्धा तिने तो रविवार कधी चुकवला नाही.

मला मात्र तुझ्या प्राध्यापकांचाही भरवसा वाटत नसे. परदेशी विद्यार्थ्यांमुळे भाडी वाढली असं पुढारी म्हणतात आणि प्राध्यापक म्हणतात की तसं नाही, घरंच पुरेशी बांधली नाहीत. पण प्राध्यापकांचा पगार कुठून येतो? परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधूनच ना? मी हे विचारलं तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "म्हणूनच एकावर थांबायचं नाही पप्पा. आणि दोन विरुद्ध बाजूंची माणसं ज्या बाबतीत एकच सांगतात, तिथे नीट बघायचं. ते बहुतेक खरं असतं." हे मला पटलं होतं. लाइनमधला बिघाडही आम्ही दोन्ही टोकांकडून तपासायचो.

आता मुद्द्याचं. तुझ्या व्हिसाची मुदत संपली आणि वाढ मिळेपर्यंत तू तात्पुरत्या व्हिसावर आलीस. त्यावर देशाबाहेर गेलीस तर परत येता येत नाही, परत येण्याची वेगळी परवानगी काढावी लागते, हे तू समजावलंस. त्याच वेळी तू मला दोन गोष्टी पाठवल्या होत्यास. एक तिथल्या मंत्र्यांचं भाषण, दुसरा तुझ्या गाइडचा लेख. मंत्री म्हणतात, घरी कुणी गेलं असेल तर आम्ही कुणालाही अडवत नाही, दोन-तीन दिवसांत परवानगी देतो. तुझ्या गाइड बाई म्हणतात की त्या अशा कितीतरी विद्यार्थ्यांना भेटल्या, बहुतेकांना वेळेत उत्तरच आलेलं नव्हतं. नकार मात्र जवळजवळ कुणालाच नाही, कारण नकार द्यायलाही कुणीतरी अर्ज उघडावा लागतो. मम्मी गेल्यावर हे दोन्ही मी पुन्हा पुन्हा वाचले. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, तरी वाचले. मंत्री आणि प्राध्यापक एकाही गोष्टीत एकमेकांशी सहमत नाहीत. फक्त एका गोष्टीत आहेत. नकार कुणीच म्हणत नाही. एक म्हणतो परवानगी मिळते, दुसरी म्हणते अर्ज पडून राहतो. आणि तुला मात्र नकार आला, तोही मम्मी गेली त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत. तिला सकाळी देवाज्ञा झाली. तू अर्ज केलास कधी आणि त्यांनी उघडला कधी?

तू अर्जच केला नव्हतास. एवढं माझ्या लक्षात आलं, पण का, ते कळेना. मग माझं डोकं नको तिकडे धावायला लागलं. तू व्हिडिओवर बोलायचीस तेव्हा मी तुझ्याकडे कमी आणि तुझ्या पाठीमागे जास्त बघायचो. एकदा खुर्चीवर पुरुषाचं जाकीट दिसलं. मी विचारलं नाही, तूच घाईने म्हणालीस, "ते डिलनचं, आमच्या घरात भाड्याने राहतो त्या मुलाचं." मी विचारलंच नव्हतं तर सांगितलंस कशाला? विद्यापीठाच्या वेबसाइटवर तुझं नाव आहे का ते धनेशच्या सायबर कॅफेत जाऊन बघून आलो. होतं. तरी वाटलं, नाव काय, काढायचं राहून गेलं असेल. धनेश म्हणाला, "काका, पोरीचा फोटो बघायला आलात?" मी हो म्हणालो. कधी वाटायचं, तुला मम्मीचा नाही, माझा राग असेल. बारावीनंतर तुला नर्सिंगला घालायचं मी म्हणत होतो, ते तू मनात धरलं असशील. मटिल्डा, घरात एकट्या माणसाला संशय आला की त्याला कुणी थांबवत नाही. मम्मी असती तर म्हणाली असती, "पुरे तुमची सीआयडी."

दोन तारखेला मृतांचा दिवस झाला. आदल्या दिवशी आम्ही कबर साफ करायला गेलो. मी आणि व्हेरोनिका मावशी. मावशीने घरच्या जास्वंदी आणल्या होत्या, मी कबरीचा दगड घासत होतो. युजीन आपल्या बापाच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आमच्याकडे आला. आजूबाजूला निम्मं गाव. तो मोठ्याने म्हणाला, "काय आग्नेल, वर्षाच्या मिस्सेला तरी येते का ऑस्ट्रेलियाची राणी? की तेव्हाही सरकार अडवणार?" दोघं-तिघं हसले. तुझी मावशी गुडघ्यावर बसली होती ती उठली. हातात ओली घासणी. म्हणाली, "युजीन, तोंड सांभाळ. पोरीला तिच्या आईने फोनवर क्रुसावर हात ठेवायला लावून शपथ घातली, येऊ नकोस म्हणून. ती सात महिने तुमच्यासारख्यांच्या शिव्या खाते आहे आणि शपथ पाळते आहे. तू साधं रस्त्याचं आश्वासन पाळलंस का?" या वेळी लोक हसले ते त्याला. तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. माझ्यासमोर बोलायचं नव्हतं तिला.

मग तिने सांगितलं, घरी येऊन, चहाला हात न लावता. तो दिवस मला लख्ख आठवतो. जायच्या दोन दिवस आधी मम्मीला अचानक ताजे बोंबील खावेसे वाटले. कितीतरी दिवस तिच्या घशाखाली पेजेशिवाय काही उतरत नव्हतं. म्हणाली, "बाजारातले नको हो, अर्नाळ्याला जा, होडीवरचे आणा." ती काहीतरी मागते आहे या आनंदात मी स्कूटर काढली. किनाऱ्यावर भरती बघत उभा राहिलो, होड्या येईपर्यंत थांबलो, निवडून निवडून घेतले. आणि इकडे तिने मावशीला तुला फोन लावायला सांगितला. तिला फोन पेलत नव्हता म्हणून तो मावशीने धरला. शपथ मावशीने ऐकली. मग मम्मीने मान हलवून तिला फोन उशीला टेकवून ठेवायला लावला आणि दार ओढून घ्यायला सांगितलं. मावशी ओटीवर बसून राहिली. म्हणाली, "बराच वेळ बोलत होती. मधे एकदा हसलीसुद्धा." मी आलो तेव्हा ती थकून झोपली होती. संध्याकाळी चमचाभर रस्सा घेतला, माझ्याकडे बघून "चांगला आहे" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिचं बोलणं कळेनासं झालं.

मी मावशीला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुम्ही ऐकलं असतं? तुम्ही तिला बर्फात ठेवून पोरीची वाट बघितली असती." ते खरं आहे. बघितलीच असती. मग मावशी आणखी एक बोलून गेली. मम्मी लग्नाआधी मस्कतच्या हॉस्पिटलात नर्स होती आणि तुझ्या आजोबांच्या मयताला सुट्टी काढून आली, हे तुला माहीत आहे. महिन्याची मिस्सा होईपर्यंत थांब असं घरच्यांनी म्हटलं, ती थांबली, आणि तिकडे तिची जागा भरली गेली. त्याच महिन्यात आमचं ठरलं. मी तिला पुढे एकदोनदा विचारलं होतं, तुला परत जायचं होतं का? ती नेहमी म्हणायची, "छे, मला जायचंच नव्हतं." मावशी म्हणाली, "ती पुढची दोन वर्षं मस्कतची बॅग पलंगाखालून काढू देत नव्हती." मी ती बॅग बघितली आहे. मला वाटायचं, तिच्यात जुने कपडे आहेत म्हणून ठेवली आहे.

तुला रागवायला हे लिहिलं नाही. तू खोटं बोललीस ते तिच्यासाठी, आणि तुझ्या माथी आलेलं गावाचं बोलणं मी मुकाट ऐकून घेतलं, उलट घरात बसून मीही संशय घेतला. आता युजीनला कोण विचारतो. वर्षाच्या मिस्सेला येऊ नकोस, तुझं काम पुरं होईपर्यंत येऊ नकोस, तिची तीच इच्छा होती. मला फक्त एक हवं आहे. आमच्या संसारातलं तिचं शेवटचं धड बोलणं तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मी तेव्हा मासे घेत होतो. दार लावल्यावर ती तुझ्याशी काय काय बोलली, ते मला लिहून पाठव. शपथेत न सांगणंही असेल तर तसं लिही, मी पुन्हा विचारणार नाही. पण सांगता येत असेल तर मला बरं वाटावं म्हणून निवडून सांगू नकोस, तुझ्या कामात मांडतेस तसं जसंच्या तसं मांड. ती कशाला हसली तेही. आणि मस्कतबद्दल काही बोलली असेल, मला ऐकायला जड जाईल असं काही बोलली असेल, तर तेही गाळू नकोस. चौतीस वर्षं ती मला जे सांगत आली ते मला माहीत आहे. तुला काय सांगून गेली, ते मला ऐकायचं आहे.

फोन करू नकोस. लिहून पाठव, कितीही दिवस लागू देत.

तुझाच,
पप्पा