पाठमोरी खुर्ची

लाटणाऱ्या बायकांकडे पाठ करून का बसायचात, एवढं सांगून गेला असतात तर तुमचं काय जाणार होतं? बाकी सगळं सांगितलंत. पिठाला तेल कधी लावायचं, भाजीवाल्याशी भांडण सकाळीच कसं उरकायचं, जावयाला किती डोक्यावर घ्यायचं. हे एक तेवढं पोटात ठेवून गेलात, आणि आता त्याचा जाब मला विचारतायत, तोही अर्धा इंग्रजीत. असो. नमस्कार करते, आई. चौथी शिकलेल्या सुनेकडून याहून बरी सुरुवात व्हायची नाही.

विचारणारी तुमची पणती आहे, माझ्या मुलाची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मायची होती. मॅनेजमेंटच्या कॉलेजात पीएचडी करते. म्हणजे ऑफिसात, कारखान्यात, दुकानात माणसं कशी वागतात ते शोधून काढायचं. मी म्हटलं, त्यात शोधायचं काय, सगळीकडे सारखीच वाईट वागतात. हसली. तिचा विषय असा, की वर कुणाची नजर नसली तर माणसं काम कशी करतात. मोठमोठ्या कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं, तेव्हा फिरून फिरून आपल्या बोरीवलीच्या पोळीभाजी केंद्रात आली. पाटीवर अजून पोळीच आहे, तोंडात आपल्या चपाती. ती युक्ती तुमचीच, सोसायट्यांमधल्या गिऱ्हाइकांसाठी. बाबा कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली आणि तुम्ही दोन तवे मांडलेत, तिथपासून सगळं मी तिला सांगितलं. सांगता सांगता तुमची लाकडी खुर्ची निघाली. तोंड काउंटरकडे, पाठ आमच्याकडे. पोरगी उडालीच. "आजी, म्हणजे पणजी मुद्दाम बघत नव्हती! विश्वास टाकत होती ती. केवढी लीडरशिप आहे ही!" मी म्हटलं, तव्यांची धग तोंडावर यायची म्हणून तशा बसायच्या. "असूही शकेल," म्हणाली आणि तेही लिहून घेतलं. जे बोलेन ते लिहून घेते. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही. मग विचारते, "आणि तू गं? तू कशी बसतेस?" मी सांगितलं, तुमचे दिवस झाले त्याच आठवड्यात मी खुर्ची फिरवली. बायकांसमोर तोंड करून बसते. नजर असलेली बरी. तेही तिने लिहिलं, पण या खेपेला लीडरशिप म्हणाली नाही, आणि ते मला लागलं.

पुढे तिने कॅमेरा लावला. चोरून नाही. बायकांना आधी गोल बसवलं, समजावलं, सह्या घेतल्या. म्हणाली, "हे फक्त माझ्या अभ्यासासाठी. घरचं कुणी बघणार नाही, आजीसुद्धा नाही." माझ्याच जागेत, माझ्याच तोंडावर, आजीसुद्धा नाही! बायकांना तेच आवडलं. दोन दिवस पदर सावरून लाटल्या, मग कॅमेरा विसरल्या. काल रविवार. पोरगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि एकटीच हसत होती. तिचा बाप चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. "ही थोरली लाटत का नाहीये?" तो म्हणाला. थोरली म्हणजे आपल्याकडची सगळ्यात जुनी बाई, सगळ्या तिला तेच म्हणतात. झटकन लॅपटॉप मिटायचा की नाही? तर ही उलट खुलली. "बाबा, हेच तर माझं फाइंडिंग आहे! तिचं मनगट गेलंय. महिनोन् महिने ती फक्त गोळे करते आणि या तिघी आपापल्या चपात्या गुपचूप तिच्या टोपलीत टाकतात. कुणी सांगितलेलं नाही. भारी आहे ना यार?" बाप म्हणाला, "भारी कसलं? टोपलीवर मजुरी देतो आपण. न लाटता घेतेय ती. वाट लागेल अशाने धंद्याची. तिला आता घरी बसव म्हणावं." पोरीचा चेहरा पडला. आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं. माणसं कशी वागतात ते शिकायला कॉलेजात जाते, आणि घरात बाप कसा वागेल ते कळत नाही.

मी भाजी निवडत होते. पुढची जुडी ओढली.

आज सकाळी तुमचा नातू केंद्रात आला. एरवी दुपारी येतो. थोरलीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "काय मावशी, हात कसा आहे?" बस, एवढंच. पण बायकांना किती लागतं? तो गेला तसं थोरलीने पोळपाट पुढे ओढला, मनगटाला ओढणीची चिंधी गुंडाळली आणि स्वतः लाटायला बसली. तिच्या टोपलीत कुणी काही टाकलं नाही. टाकायची कुणाची छाती झाली नाही. एरवी आमच्याकडे तोंडं लाटण्यापेक्षा जोरात चालतात, कुणाची सून, कुणाचा पाण्याचा नळ, कुणाच्या सोसायटीतली भांडणं. आज फक्त लाटणी. चपाती उलटताना थोरलीचे ओठ आवळलेले मी बघितले. खुर्ची त्यांच्याकडेच ना माझी, बघावंच लागलं. हात धुताना त्यातली एक माझ्याजवळ आली. "काकी, पोरगी म्हणाली होती घरचं कुणी बघणार नाही. मग बघितलं कुणी?" मी म्हटलं, "आधी कणकेवर फडकं टाक, वाळतेय." हे माझं उत्तर.

आता दुपारची सगळ्या घरी गेल्यात, संध्याकाळच्या चपात्यांना अजून वेळ आहे, आणि मी इथे गल्ल्यापाशी बसून तुम्हाला लिहितेय. उठते, डब्यांची झाकणं बघते, परत बसते. डोळ्यांसमोर एकच दिवस येतोय. तुमचा नातू तेव्हा तान्हा. बाळंतपणात माझी कंबर अशी धरली होती की पोळपाटाशी वाकताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण तुमच्यापुढे दुखतं म्हणायची सोय होती का? म्हणून मी पिठाच्या पोत्यांमागे भिंतीला टेकून त्याला पाजत बसायची आणि माझी टोपली बाकीच्या भरायच्या. थोरली तेव्हा सगळ्यात धाकटी, नवीनच आलेली. सगळ्यांत जास्त तिनेच टाकल्या. तुम्ही तिकडे तोंड करून बसलेल्या, गिऱ्हाइकांना ओरडताय, तुमचा अंबाडा तेवढा आम्हाला दिसतोय. आणि संध्याकाळी माझी टोपली ओढून वरची चपाती बोटांवर फिरवलीत आणि म्हणालात, "आज तुझ्या चपात्या गोल झाल्या गं. पहिल्यांदाच." तुम्ही पुढे गेलात आणि आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. सासूला कसं बनवलं म्हणून किती दिवस हसत होतो. आजवर मी तेच धरून होते, की सगळ्या बोरीवलीला धाकात ठेवणाऱ्या बाईला मी एकदा तरी बनवलं होतं. त्याचा आनंद होता मला, खोटं का बोलू.

कालपासून तो आनंद गेला. कारण एक गोष्ट मी पोरीला सांगितलेली नाही, मुलालाही नाही. थोरलीच्या टोपलीतलं मला गणपतीच्या सुमारालाच कळलं होतं. ज्याने जन्मभर चपात्याच बघितल्यात त्याला तीन हातांच्या चपात्या एका टोपलीत दिसल्या तर कळत नाही होय? एकीची कड जाड, एकीची मध्ये फुगते. मी टोपली घेतली, बघितली आणि भाजीला मीठ कमी आहे म्हणून दुसरीवर ओरडले. बस. मग मला कळतं तर तुम्हाला न कळायला काय झालं होतं? तुम्ही तर माझ्या दुप्पट. म्हणजे गोल झाल्या म्हणालात ते सगळं जाणून म्हणालात, आणि मी मूर्ख तोंडात पदर घालून हसत होते. बोलून टाकलं असतंत तर मजुरी कापावी लागली असती, नाहीतर सगळ्यांदेखत माफ करावं लागलं असतं. तुम्हाला दोन्ही नको होतं. पण एवढं सगळं त्या खुर्चीत होतं की खरंच तव्याची धग होती, ते आता कुणाला विचारू?

तुमच्या पणतीला यातलं काही शिकवता येईल असं वाटत नाही. आपल्याला ठाऊक असणं निराळं आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दिसणं निराळं. दिसल्यावर मग मुलगा मजुरी म्हणतो, पोरगी फाइंडिंग म्हणते, आणि थोरलीचं मनगट दोघांच्या मध्ये येतं. मुलाला मी मघाशी फोनवर सांगितलंय, थोरली कुठेही जाणार नाही, गोळे करेल आणि तिची टोपली भरेल. लायसन अजून माझ्या नावावर आहे. तो फणफणला. फणफणू दे. पोत्यांमागे पोट भरून झोपायचा तेव्हा कुणी त्याला हिशोब विचारला नव्हता.

पण पोरीचं काय करू? बायका गेल्यावर रडत आली होती. "आजी, प्लीज, तू सांग ना त्यांना. म्हण की तूच ओळखलंस टोपली बघून. तुझं ऐकतात त्या. नाहीतर माझ्याशी परत कुणी बोलणार नाही." बघा, आई, कशी अडकवते. तिला वाटतंय ती मला खोटं बोलायला सांगतेय, आणि ते तर खरं आहे. मी एक वाक्य बोलले की सगळं मिटतं. बायका मला दोन शिव्या घालतील आणि परत टोपलीत टाकायला लागतील. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं मी.

हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, तव्याखाली जाईल. खुर्ची मघाशी फिरवून बघितली, तुमच्यासारखी. दोन मिनिटं बसले. मागे कुणी नव्हतं तरी मान वळत होती. मला जमत नाही ते, आई, कबूल करते. परत फिरवून ठेवली.

तुम्ही काही उत्तर देऊ नका, द्यायचं तेव्हा दिलं नाहीत. बायकांना मीही देणार नाही. शब्द त्या पोरीने दिला होता. उद्या सकाळी पीठ मळायच्या आधी तिने यायचं, त्या चौघींसमोर उभं राहायचं, आणि बघितलं कुणी, दाखवलं कुणी, ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. वही न आणता.