तळघरातल्या आरमाराची वाटणी

मी, त्र्यंबक विष्णू ओगले, वय ७९, निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी आणि स्मृती शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी पत्नी लता हिचं मत वेगळं आहे, ते विचारात घेऊ नये.

१. राहतं घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक लताला. तिच्यानंतर सगळं आमचा मुलगा प्रसाद याला. यात तळघर येतं, तळघरातल्या बोटी येत नाहीत.

२. बोटी दहा आहेत. सगळ्या अमेरिकन नौदलाच्या, मी लाकडातून घडवलेल्या. अकराव्या बोटीचं खाली येईल. १८१२ च्या युद्धात जिच्या ओकच्या लाकडी अंगावर आपटून इंग्रजांचे तोफगोळे माघारी गेले, ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ गावच्या वाचनालयाला. लहान मुलांचा हात पोचेल अशा जागी ठेवावी. काचेत कोंडणार असतील तर देऊ नये.

३. पटाशा, रंधे आणि कानशी मराठी मंडळाच्या गणपती सजावट कमिटीला. एका वर्षी देखावा माझा होता: ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’, अमेरिकन यादवी युद्ध, १८६२. दोन चिलखती बोटी सकाळभर एकमेकींवर तोफा डागत राहिल्या आणि कोणीच हरलं नाही. विसर्जनाच्या टबात माझा मित्र बाळ खेर याने “बघू या यार, फ्लोट होते का” म्हणत माझी मॉनिटर, म्हणजे ती अकरावी बोट, सोडली. ती तळाशी गेली आणि लाकूड फुगून उकललं. खरी मॉनिटर निदान वादळात तरी बुडाली होती. सबब बाळला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणतात. तेव्हा बाळ साक्षीदार आहे. कसा का होईना, उपयोगी पडला.

४. उरलेल्या नऊ बोटी प्रसादची मुलगी उर्वी हिला. येत्या मे महिन्यात ती ॲनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीतून अधिकारी होऊन बाहेर पडते आहे. प्रसादने समारंभाला यायला नकार दिला आहे. “बाबा, हे तुम्ही तिच्या डोक्यात भरवलंत. तुम्ही बेसमेंटमध्ये बसून बोटी बनवणार आणि माझी मुलगी खऱ्या बोटीवर जाणार,” असं तो बेलव्ह्यूच्या त्याच्या घरून फोनवर म्हणाला. आरोप खरा आहे. मी उर्वीला एकूण एक लढाई रंगवून सांगितली. मॉनिटरबरोबर सोळा माणसं गेली, हे तेवढं सांगितलं नाही. ते तिने स्वतः वाचलं आणि बारा वर्षांची असताना मला म्हणाली, “आजोबा, यू स्किप्ड द सॅड पार्ट.” मला तेव्हाही भीती वाटत होती, आताही वाटते. प्रसादला वाटतं, ती त्याला एकट्यालाच वाटते.

५. प्रसाद समारंभाला आला नाही तर घरातला त्याचा हक्क बंद, असं कलम मी कच्च्या खर्ड्यात घातलं होतं. लताने ते खोडलं. “अहो, पोराला काय धमकी देऊन बोलावणार? देण्यासारखं काही असेल तर द्या त्याला.”

तसं माझ्याकडे एकच आहे. शपथ झाली की नव्या अधिकाऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर घरची माणसं हुद्द्याच्या पट्ट्या चढवतात. उर्वीने डावा खांदा तिच्या आईला दिला आहे, उजवा मला. गेले चार महिने मंडळात भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो आहे. तो उजवा खांदा मी प्रसादला देत आहे. बाकी सगळं माझ्यामागे मिळेल, हे मात्र सही होताच लागू. उर्वीची परवानगी घेतली आहे. “ओके, आजोबा” म्हणाली आणि रडली. मीही रडलो.

हे कलम काल प्रसादला फोनवर वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, “बाबा, ती पट्टी लावतात कशी? बटण असतं का?”

वरचं सगळं दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचलं आणि आणखी काही न खोडता सही केली.

त्र्यंबक विष्णू ओगले

साक्षीदार: १) बाळ खेर, मित्र
२) ज्ञानदा वैद्य, शेजारीण

नेपरव्हिल, रविवार, ८ मार्च २०२६