लिओनीबाईंचं आदर्श घड्याळ

२ मार्च १९१५
आजपासून आपण जिंकलेल्या या बेल्जियन गावच्या सगळ्या घड्याळांचा प्रमुख मी. बेल्जियमची वेळ आपल्या जर्मन वेळेपेक्षा तासभर मागे. हुकूम असा की घरोघरी जर्मन वेळच हवी. सार्जंट ड्रेसलर म्हणाले, हेसेलबार्ट, तू रेल्वेत तिकिटं द्यायचास ना, मग हे तुझंच काम. पंधरा दिवसांत गाव वळणावर आणलंस तर रजा. रजा म्हणजे ओटिली, आणि आमची दोन महिन्यांची मुलगी, जिला मी अजून पाहिलेलं नाही. बाप्तिस्मा एकवीसला. पंधरा दिवस कशाला, आठवडा पुरे.

४ मार्च
नऊला चौकात सभा बोलावली. नऊला चिटपाखरू नाही. माझ्या घड्याळात दहा वाजले आणि अख्खं गाव हजर. एकही माणूस उशिरा नाही. लोक आळशी, पण आळसातसुद्धा शिस्त. भाषण उत्तम झालं. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे पटलं.

५ मार्च
चर्चचं घड्याळ बंद. घंटा वाजवणारा म्हातारा कॉर्नील म्हणतो, काय करू साहेब, तुमची वेळ लावली आणि बिचारं आजारीच पडलं. वर कळवलं आहे.

८ मार्च, दुपारी
मी आणि माझ्याच गावचा सोबती शिपाई ब्रूनो राहतो त्या घराच्या मालकीणबाई, लिओनीबाई, म्हणजे गावाला धडा. स्वयंपाकघरातलं घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर. मी आत शिरतो तेव्हा बाई नेमक्या खुर्चीवर उभ्या राहून ते पुसत असतात. पेंडुलम जरा गडबडलेला असतो. जुनं घड्याळ, पण उमेद मोठी.
ब्रूनो म्हणतो, तुझे बूट कोपऱ्यावरून ऐकू येतात रे, एकदा नुसत्या मोज्यांवर ये. जळतो मेला.

१३ मार्च
'आदर्श घर' असं प्रमाणपत्र लिहून, सही-शिक्क्यासह बाईंच्या घड्याळाखाली चिकटवलं. बाईंना इतकं भरून आलं की ॲप्रनने तोंड झाकून त्या बाहेरच गेल्या. यापुढे बाईंच्या हातचे ते गोड, जाळीदार वाफल दिवसाला दोनच. आज चार, पण ते बाईंच्या मानासाठी.

१८ मार्च
रजा मंजूर. उद्या सकाळी सात दहाची गाडी. मी गाडीवर न आल्यास रजा ब्रूनोला, असंही कागदावर आहे. कागदावर काय, काहीही असतं. बाईंनी बाळासाठी लोकरीची टोपी विणून दिली. फार बरं वाटलं. बूट चकचकीत करून दाराबाहेर ठेवले.

१९ मार्च, सकाळी
मोज्यांवरच खाली आलो. माझ्या घड्याळात सहा वीस, बाईंच्या घड्याळात पाच वीस. मला बघून बाईंच्या हातातला डाव पडला. म्हणाल्या, अगंबाई, साहेब, निघा तुम्ही, आत्ताच्या आत्ता निघा. केवढी काळजी. मी म्हटलं, बसा बाई, चूक माझ्या घड्याळाची. तुमच्या घड्याळाखाली तर माझी सही आहे. माझं घड्याळ तासभर मागे केलं आणि निवांत बसलो. बाई तीनदा म्हणाल्या निघा. वाफल सहा.

त्याच दिवशी, दुपारी
गाडी गेली. स्टेशनात आठ वाजत आले होते. ब्रूनोची पहाटेपासून तिथेच पाळी होती. गार्ड म्हणाला, शिट्टी होईपर्यंत दारात लटकून तुमचीच वाट बघत होता बिचारा, मग गेला. टोपी माझ्याच खिशात.
तक्रार करायची तर बाईंना शिक्षा होईल. शिवाय सही माझी. मुख्य कारण सही.

२७ मार्च
ओटिलीचं पत्र. बाप्तिस्मा छान झाला. बाळाला ब्रूनोने घेतलं होतं. पूर्ण वेळ झोपली. नाक माझं आहे म्हणे.
टोपी टपालाने पाठवली. हल्ली घरी येताना दाराशी बूट दोनदा आपटतो, जरा खोकतो, खुर्ची सरकल्याचा आवाज येईपर्यंत थांबतो. मग आत जातो. अहवालात लिहिलं: लिओनीबाई, घड्याळ बरोबर.